काळ्या भिंतीवरची समाधी

विरुपाक्ष सर पहाटे झोपेतच गेले. त्यांना माती कुठं द्यायची हे कुणाला विचारायची गरज नव्हती, कारण गेलं वर्षभर भेटेल त्याला ते स्वतःच सांगत होते, की मला नीलम्माच्या शेजारी ठेवा. दूधवाल्याला सांगितलं, दाढी करणाऱ्याला सांगितलं, येरमाळ्याच्या बँकेत पेन्शन काढायला गेले तर तिथल्या शिपायालाही सांगून आले. थोरल्या लेकाला, श्रीशैलला, तर इतक्या वेळा सांगितलं की तो न ऐकताच ‘व्हय अप्पा’ म्हणायचा आणि विषय बदलायचा. ऐकायला लागू नये म्हणूनच तो बदलायचा.

सकाळी भावकी जमली. शेतात खड्डा घ्यायला माणूस पाठवा, असं कुणीतरी म्हणालं. आईच्या, नीलम्माच्या शेजारी खणायचं म्हणजे कोरोनाच्या सालापासून श्रीशैलनं झाकून ठेवलेलं उघडं पडायची भीती होती. आईला त्यानं बसवलेलं नव्हतं. आडवं ठेवलं होतं.

बाहेरच्याला यात काय एवढं, असं वाटेल. पण लिंगायताच्या घरात माणूस गेला की त्याला जाळत नाहीत आणि आडवंही निजवत नाहीत. अंघोळ घालून, कपाळभर विभूती लावून मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग देतात आणि पुरुषभर खोल खड्ड्यात तसंच बसवून माती देतात. पूजेला बसलेलं माणूस पूजेतच राहिलं, असा त्यातला भाव. आईला आडवं ठेवलं हे कुठल्या तोंडानं सांगायचं? म्हणून श्रीशैलनं सांगितलंच नाही. अप्पांना म्हणाला बसवलं, बहिणीला म्हणाला बसवलं, भावकीला तेच. खरं काय ते ठाऊक असलेला दुसरा माणूस एकच होता, जेसीबीवाला नागसेन, आणि खड्डा घ्यायला आज त्यालाच बोलावणं गेलं होतं.

विरुपाक्ष सरांनी उभी हयात हायस्कुलात भूगोल शिकवला. पोरांनी त्यांचं नाव ज्वालामुखी सर ठेवलं होतं आणि माणूस असा की वर्गात उंदीर शिरला तरी त्याला सावकाश बाहेर जायला सांगतील. नाव पडलं ते त्यांच्या आवडत्या धड्यामुळं. पुस्तकात तो दोन पानांचा होता, सर तो पंधरवडाभर पुरवून खायचे. जागृत, निद्रिस्त आणि मृत असे ज्वालामुखी फळ्यावर मांडून झाले की ते स्वयंपाकघरात शिरायचे. पीठ घट्ट असलं की तव्यावर ढीग होतो, तसा चिकट लाव्हा जागीच साचतो आणि उंच टोकदार डोंगर उभा राहतो. पीठ पातळ असलं की पसरतं. आणि आपल्याकडं, पोरांनो, डोंगर नव्हताच. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यातून पातळ लाव्हा वर आला आणि पसरला. तो निवला, त्यावर दुसरा आला, पुन्हा तिसरा. नीलम्माबाई धिरडी एकावर एक रचतात ना, तसा हा बालाघाट रचलाय. नीलम्माबाईंची धिरडी अशी कळंब तालुक्यातल्या कितीतरी पोरांच्या परीक्षेच्या पेपरात गेली.

तूप सावकाश निवलं की रवाळ होतं आणि झटकन निवलं की दाणा धरत नाही, हेही त्यांचंच. जमिनीच्या पोटात खोल सावकाश निवलेला ग्रॅनाइट म्हणून जाड दाण्याचा, आणि वर येऊन भरभर निवलेला आपला काळा बेसाल्ट बारीक, गुळगुळीत. धिरड्याला जाळी पडते तशी लाव्ह्यातून वाफ जाताना खडकाला भोकं पडतात, पुढं त्यात पाण्याबरोबर क्षार उतरून पांढऱ्या गारगोट्या भरतात. सगळं सांगून झालं की ते अख्खा वर्ग चालवत स्वतःच्या शेतात न्यायचे. शेताच्या वरच्या अंगाला, डोंगराला लागून, कुणी रचून ठेवावी तशी काळ्या दगडाची भिंत मातीतून वर आलेली होती. ही कुणी बांधली, म्हणून ते विचारायचे. पांडवांनी, निजामानं, भुतांनी, अशी उत्तरं यायची. मग सर सांगायचे, वर यायला निघालेला लाव्हा भेगेतच अडकला आणि तिथंच गोठला, त्याची ही भिंत झाली. भोवतीचा खडक मऊ, तो झिजून मुरूम झाला. ही तशीच उभी राहिली. वर दिसते तेवढीच नाही ती, शेताच्या पोटातून सरळ खाली रस्त्यापर्यंत गेली आहे. पण रुंदीला फार नाही. दोन पावलं इकडं सरका की मऊ मुरूम.

हे गावातल्या प्रत्येक पोरानं ऐकलं. श्रीशैलनंही ऐकलं असणार, पण बापच मास्तर असला की पोराच्या कानाला कुलूप लागतं. तो त्या सहलींना खाली रस्त्याकडच्या बोरीची बोरं पाडत बसायचा. धाकटी शिवरंजनी मात्र खडा दिसला की उचलून अप्पांना दाखवायची.

नीलम्मा गेली ती कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत. सर स्वतः तापानं फणफणून माडीवर एकटे पडले होते आणि शिवरंजनी विजापूरला, सासरी अडकलेली. दवाखान्यातून गाडी आली ती सरळ शेतावर. पिशवी उघडायची नाही असा हुकूम होता, तरी गाडीवरची माणसं भली होती. खड्डा खोल असेल तर पिशवीसकट टेकवून बसवू आईला, म्हणाली. रस्त्यावरून मशीन आत घ्यायला सोपं म्हणून श्रीशैलनं बोरीजवळची जागा दाखवली आणि नागसेननं बकेट लावली. कमरेइतकं खणून झालं आणि बकेटचे दात किंचाळले. खाली काळा खडक. नागसेननं दोनतीनदा मारून पाहिलं, नुसत्या ठिणग्या आणि कपच्या उडाल्या.

नागसेन खाली उतरून म्हणाला, जरा बाजूला घेऊ या का, हिथं भिंत हाय. तोही सरांचाच विद्यार्थी, आणि त्यानं बोरं पाडली नव्हती. पण गाडीवाल्यांना आणखी दोन ठिकाणी जायचं होतं, त्यांनी हॉर्न वाजवला, आणि श्रीशैलच्या डोक्यात फक्त एवढंच होतं की हे संपावं. सगळीकडं खडकच असणार, असं त्याला वाटलं. असू दे, म्हणाला तो. ठेवा तशीच.

तसंच ठेवलं. विभूती पिशवीवरून लावली. घरी येऊन खालूनच माडीकडं तोंड करून त्यानं सांगितलं, बसवलं अव्वाला. वरून सर काही बोलले नाहीत. रडत असतील, किंवा धाप लागली असेल.

महिन्याभरानं सर काठी टेकत शेतावर आले. नीलम्माच्या मातीच्या ढिगाऱ्याशी उभे राहिले, मग वाकून त्यातली एक काळी कपची उचलली. ताजी फुटलेली होती, कडेला लोखंडाचा पांढरा ओरखडा. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि होती तिथंच परत ठेवली.  आता विचारतील, असं श्रीशैलला वाटलं. सर म्हणाले, बोरीला पाणी घालत जा. बस्स. त्या दिवशी नाही, दिवाळीत नाही, पुढं कधीच त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर श्रीशैल मोकळा झाला असता. न विचारल्यानं तो बापासमोर बसायचाच बंद झाला. जेवणाचं ताट घेऊन टीव्हीपुढं बसू लागला.

आणि आज तो दिवस आला होता. घरात वेगळीच कुजबुज चालू होती. मठाच्या गुरुसिद्धय्या स्वामींचा भल्या सकाळी निरोप आला होता, की मी येईपर्यंत सरांना बसवू नका, निजलेत तसे राहू द्या. चुलते कल्याणप्पा यावर तापले होते. अंग ताठ झाल्यावर बसवणार कसं, म्हणून ते ज्याला त्याला विचारत होते. श्रीशैलचं तिकडं लक्षच नव्हतं. शिवरंजनी विजापूरहून येऊन पोचली, अप्पांच्या पायांवर डोकं ठेवून रडली आणि डोळे पुसून म्हणाली, मी येते शेतावर. अव्वाच्या वेळी मला यायला मिळालं नाही, अप्पांची जागा तरी मी बघते. तिला नको म्हणायला श्रीशैलकडं काही कारण नव्हतं.

शेतावर नागसेन आधीच आलेला होता. शिवरंजनी समाधीपुढं बसली तसं श्रीशैलनं त्याला बाजूला घेतलं आणि हलक्या आवाजात सांगितलं, त्या अंगाला, मुरमात घे. तिथं खोल जाईल. शेजारी म्हणजे शेजारीच झालं. नागसेननं नुसती मान हलवली. मग जाता जाता म्हणाला, म्या कुणाला बोललो न्हाय. सरांनी कधी इचारलं बी न्हाय.

मुरमात बकेट लोण्यासारखी गेली. खड्डा बघता बघता गुडघा, कंबर, छाती करत पुरुषभर झाला आणि श्रीशैलला कित्येक वर्षांत पहिल्यांदा मोकळा श्वास आला. अप्पा रीतसर बसतील, आईची माती हलणारही नाही, आणि हे ओझं आपल्याबरोबरच जाईल. त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाजही वाटली.

शिवरंजनी खड्ड्याच्या काठाशी आली. एका बाजूला तांबूस मुरूम, मध्ये पांढऱ्या गारगोट्या. आईच्या बाजूला मात्र वरच्या कमरेइतक्या मातीखाली खड्ड्याची भिंत काळीकुळकुळीत होती, गुळगुळीत, थेट तळापर्यंत. शिवरंजनी ते बघत राहिली. मग ती वळून डोंगराकडच्या काळ्या दगडांकडं बघू लागली, तिथून नजर सरळ रेषेत खाली आईच्या समाधीवर आणली. अप्पांची पोर ती. श्रीशैलला कळलं की आता संपलं.

“अण्णा,” ती म्हणाली, “अव्वा भिंतीवर आहे. मग बसवली कशी?”

 नागसेननं मशीन बंद केलं. एवढ्या मोठ्या आवाजानंतर ती शांतता अंगावर आली.

“न्हाय बसवली,” श्रीशैल म्हणाला. “आडवी ठेवली.”

मग जे व्हायचं ते झालं. शिवरंजनी त्याला टाकून बोलली. माझं जाऊ दे म्हणाली, मी लांब होते, पण अप्पा रोज या वाटेनं येऊन हात जोडायचे, बायको पूजेत बसलीय म्हणून. मरेपर्यंत त्यांना खोट्यापुढं हात जोडायला लावलंस. दोन पावलं सरकायला काय झालं होतं तुला? श्रीशैल ऐकून घेत होता. गाडीवाले घाई करत होते, हे त्याच्या ओठांवर आलं आणि त्यानं ते गिळलं. सगळं खरंच होतं, पण त्या दुपारी इथं आपण एकटे होतो हेही खरं होतं, आणि ते कुणाला सांगायचं हे त्याला कधीच कळलं नव्हतं.

तेवढ्यात रस्त्याला रिक्षा थांबली. गुरुसिद्धय्या स्वामी घरी न जाता थेट शेतावर आले होते, मागून कल्याणप्पा आणि चार माणसं. स्वामींनी पुरुषभर खोल खड्डा पाहिला आणि काठाशी हातरुमाल अंथरून बसले. वयस्कर माणूस, बोलायच्या आधी पुष्कळ वेळ घेणारा.

“हा बुजवा,” ते म्हणाले.

कल्याणप्पांनी कारण विचारलं. स्वामींनी सांगितलं ते असं. श्रावणात सर मठात आले होते. हळू आवाजात म्हणाले, नीलम्मा आडवी आहे, मला माहीत आहे. तिथली खोली मी जाणतो, माझ्या जमिनीतला दगड आहे तो, आणि त्याची ताजी कपची मी हातात धरली. तिथं माणूस बसेल एवढी जागा निघत नाही. स्वामी म्हणाले, मग तुम्हाला शेजारी मुरमात बसवू. तर सर म्हणाले, मी बसायचं आणि ती निजलेली, हे बरं दिसत नाही. मलाही तसंच ठेवा, त्याच दगडावर. स्वामींनी ते साफ नाकारलं. असं आपल्यात होत नाही, म्हणाले. सर वाद घालणारे नव्हतेच. नमस्कार करून निघाले.

“मी हो म्हणालो न्हाय,” स्वामी म्हणाले. “तेव्हापासून मला झोप लागंना. आज पहाटे फोन आला तेव्हा तोंडातून गेलं, बसवू नका. गेलं ते गेलं.”

कल्याणप्पा ऐकायला तयार नव्हते. सात पिढ्यांत कुणाला असं ठेवलं नाही, लोक काय म्हणतील, म्हणाले. स्वामी म्हणाले, लोकांना माझ्याकडं पाठवा. कल्याणप्पा बोरीखाली पाठ करून बसले ते शेवटपर्यंत तसेच.

 श्रीशैल खड्ड्यातून निघालेल्या मुरमावर बसला. अप्पांना ठाऊक होतं. बोरीला पाणी घाल म्हणाले तेव्हाही ठाऊक होतं. रोज या वाटेनं येऊन हात जोडायचे ते आडव्या आईलाच जोडायचे. आपण टीव्हीपुढं जेवत होतो तेव्हा पलीकडच्या खोलीत ते सगळं जाणून बसलेले होते.

“मला का न्हाय बोलले?” त्यानं विचारलं. कुणाला विचारलं हे त्यालाही नीट ठाऊक नव्हतं.

स्वामी म्हणाले, “मी तेच इचारलं त्यांना. तर म्हणाले, पोरानं आईला एकट्यानं माती दिली. त्या दिवशी मी माडीवर पडून होतो. त्यात आणि चूक कुठं दाखवू त्याला?”

श्रीशैल रडला. आईच्या वेळी तो रडला नव्हता, तेव्हा वेळच नव्हता. आता चार माणसांत तोंड झाकून लहान पोरासारखा रडला आणि कुणी त्याला उगी केलं नाही. शिवरंजनी जवळ येऊन बसली. तिचा राग गेला होता असं म्हणता येणार नाही, पण ती जवळ बसली.

नागसेननं खोल खड्डा बुजवला. मग त्यानं मशीन लांब नेऊन लावलं आणि स्वतः फावडं घेतलं. आईच्या समाधीलगत भिंतीवरची माती तो हातानंच काढू लागला. मशीनचा धक्का पलीकडं नको, म्हणाला. श्रीशैल उठून त्याच्या बरोबरीनं लागला. माती निघाली तसा काळा दगड दिसू लागला. जिथं कपच्या उडाल्या होत्या तिथले ओरखडे अजून तसेच होते. नागसेननं त्यावरून हात फिरवला आणि माती झटकली. 

दुपारी सरांना आणलं. बसवून न्यायची पालखी, विमान म्हणतात ती, सजवलेली नव्हती, बाजेवरच फुलं आणि बेल होते. जुने विद्यार्थी इतके आले होते की रस्त्याला गाड्या लावायला जागा उरली नाही. माणूस आडवा कसा, म्हणून त्यांच्यात कुजबुज झाली, पण पुढं होऊन विचारलं कुणी नाही. दगडावर विभूती पसरली, मीठ पसरलं. स्वामींनी सरांच्या तळहातावर इष्टलिंग ठेवून बोटं मिटवली. बाज उचलायच्या वेळी ते थांबले. शेजारी ठेवायचं तर एका अंगानं ठेवायला हवं, आणि आईला कसं ठेवलंय हे त्यांना ठाऊक नव्हतं. तिथं जमलेल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. नागसेन मान खाली घालून उभा राहिला. हे त्यानं सांगायचं नव्हतं.

“श्रीशैल,” स्वामींनी सगळ्यांदेखत विचारलं, “अव्वाचं डोकं कुणीकडं आहे?”

श्रीशैल पुढं आला. त्यानं खाली उतरून काळ्या दगडावर गुडघे टेकले आणि आईच्या मातीवरून हात फिरवत दाखवलं.

“हिकडं,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “डोकं डोंगराकडं. पाय रस्त्याकडं. म्याच ठेवली.”

मग त्यानं हात वर केले, आणि अप्पांना डोक्याकडून त्यानं धरलं, पायाकडून शिवरंजनीनं.